मिटलेल्या भांडणाची चौकशी

आमच्या कंपनीमागच्या गावात देवीचं देऊळ नव्याने बांधलं, तेव्हा देणगीदारांच्या पाटीवर पहिलं नाव सहदेवचं लागलं. बापाच्या भातखाचरावर त्याने दोन इमारती उभ्या केल्यात. खालच्या गाळ्यात त्याचं ऑफिस आहे, गळ्यात जाड साखळी आहे, आणि गावातलं कुठलंही लग्न त्याला विचारल्याशिवाय ठरत नाही. मी रस्त्यात दिसलो की स्कूटर थांबवून दोन्ही हात जोडतो. "काय भाऊ, बरा हाय ना?" मी हात जोडत नाही. बरोबर बायको असली तर ती मला कोपराने ढोसते, तरी जोडत नाही. डोंबिवलीत मला खडूस म्हणणारे बरेच आहेत. त्यांना म्हणू दे. मला सहदेवचा तिटकारा आहे आणि तो मी लपवत नाही.

"सहदेवचं कुणाशी कधी भांडण नाही," असं गावात कौतुकाने सांगतात. खरंच नाही. भांडायला माणसाची कुठलीतरी एक बाजू असावी लागते. हा कंपनीत साहेबांचा, युनियनमध्ये कामगारांचा आणि गावात गावाचा. कुणाच्याही पाठीवर हात ठेवून त्याच्या मनासारखं बोलायचं आणि निघताना दुसऱ्याच्या पाठीवर तोच हात ठेवायचा, ही त्याची कमाई. आयुष्यात तो भांडला एकदाच, तेही अर्धवट झोपेत. त्या भांडणाची किंमत मात्र त्याने दिली नाही, दिली गोमाजीने.

गोमाजी त्याच्याच भाऊबंदांपैकी, वयाने दहाएक वर्षांनी मोठा. कंपनीने गावाच्या जमिनी घेतल्या त्याच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, तसे हे दोघे आमच्या रंगाच्या कारखान्यात लागले होते. मी तिथे लॅबमध्ये होतो. दोघेही रिॲक्टरवर, एकाच पाळीत. रिॲक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं मोठं बंद भांडं. त्यातली उष्णता वाढली की थंड पाण्याचा कॉक उघडायचा, आणि काट्यावरची नजर हलवायची नाही. सत्त्याऐंशी साली एका दुपारपाळीला सहदेव त्या काट्यासमोरच्या बाकावर चक्क घोरत होता. गोमाजीने पलीकडून पाहिलं, धावत येऊन कॉक उघडला आणि सहदेवच्या बाकाला लाथ घातली. सहदेव दचकून उठला आणि समोर दिसलेल्या तोंडावर त्याने ठोसा मारला. गोमाजीने त्याला ढकललं. सहदेव पिंपावर आपटला, त्याचं कपाळ फुटलं आणि भळाभळा रक्त वाहिलं.

हे मला कसं ठाऊक? सहदेवनेच सांगितलं. फर्स्ट एडच्या खोलीत मी त्याच्या कपाळावर कापूस दाबून धरला होता आणि तो रडत होता. "माजाच हात पयला उठला, भाऊ. त्याची काय चूक नाय. गोमाजीभाऊ नसता तर आज प्लांट उडाला असता." शब्दन् शब्द त्याचा आहे. रक्त थांबायच्या आतच खरेपणाही थांबला असावा, कारण त्यानंतर त्याच्या तोंडून ते वाक्य कधीच आलं नाही.

कंपनीला तर आयतंच फावलं. एकाचं कपाळ फुटलेलं आणि एक धडधाकट, म्हणजे मारणारा कोण हे पर्सोनेल मॅनेजरांनी जागेवरून न उठता ठरवून टाकलं. त्यात गोमाजीने आदल्या वर्षी गावातल्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी गेटवर माणसं बसवली होती. साहेब ते विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी गोमाजीच्या हातात आरोपपत्र पडलं: पाळीवर मारामारी आणि सहकाऱ्याला जखमी करणं. चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबन.

इकडे गावात मात्र भांडण त्या आठवड्यातच मिटलं होतं. त्या गावाची रीत अशी, की भांडण गावकीपुढे आलं की देवळासमोर दोघांना उभं करायचं. चूक कुणाची हे पंच ऐकून घेतात, पण 'चुकलो' म्हणायचं ते वयाने मोठ्या माणसाने. मोठा वाकला की लहान्याला ताठ राहता येत नाही, असा त्यामागचा विचार. मग लहान्याने पाय धरायचे आणि दोघांनी एका तांब्यातलं पाणी प्यायचं. त्यानंतर त्या भांडणाचं नाव काढायचं नाही. जो काढील त्याने देवीला बोकड द्यायचा. तर गोमाजी देवळासमोर 'चुकलो' म्हणाला, सहदेवने डोळ्यांत पाणी आणून पाय धरले, दोघे पाणी प्यायले आणि आपापल्या घरी गेले. गोमाजीच्या दृष्टीने विषय संपला. कंपनीचं आरोपपत्र त्याने देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा म्हणाला, "भाऊ, भांडान मिटला. साहेबाला कोनीतरी सांगाला पायजे."

मी त्याला समजावलं की कंपनीत असं मिटत नसतं. युनियनचे सेक्रेटरी तर त्याच्या बाजूने उभंच राहणार नव्हते. दोघेही आपलेच सभासद, युनियन कोणाची बाजू घेणार, असं ते म्हणाले आणि साहेबांबरोबर चहा प्यायला गेले. मग चौकशीत गोमाजीचा प्रतिनिधी म्हणून मी बसायचं ठरवलं.

निलंबित माणसाला घरी बसायची मुभा असते असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या मॅनेजरांना भेटावं. अर्ध्या पगाराचा निर्वाह भत्ता हवा तर रोज सकाळी गेटवर येऊन सही करायची, असा त्यांनी हुकूम काढला. तासभर गेटबाहेर उभं ठेवून मग वॉचमन रजिस्टर बाहेर आणायचा. जिथे गोमाजीला उभा करत ती जागा पूर्वी त्याच्या बापाचं खळं होती. मी एकदा ते मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग त्याला घरच्यासारखंच वाटत असेल." आणि स्वतःच हसले. या माणसाच्या टेबलावर काचेखाली गणपतीचा फोटो होता.

तीन महिने झाले की कायद्याने भत्ता अर्ध्याचा पाऊण होतो. ते लक्षात आल्यावर साहेबांना एकदम गोमाजीची दया आली. निलंबन मागे घेतलं आणि 'चौकशीच्या अधीन राहून' त्याची भंगारयार्डात बदली केली. गंजलेले पाइप इकडून तिकडे रचायचे, एवढंच काम. दुसऱ्या महिन्यात तेच पाइप तिकडून इकडे. आणि यार्डावर नवा चार्जहँड, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, नेमला होता, खिशाला दोन पेनं लावलेला, कपाळावर टाक्यांचा व्रण असलेला. सहदेव.

आता नीच माणूस असता तर त्याने गोमाजीला शिव्या घातल्या असत्या. त्यात निदान एक सरळपणा असता. सहदेवने तसलं काही केलं नाही. तो अत्यंत नम्रपणे म्हणायचा, "गोमाजीभाऊ, ते पाइप जरा हलीवतोस का? साहेब राऊंडला येतील." गोमाजी पाइप हलवायचा. संध्याकाळी गावात दिसला की सहदेव त्याच्या पाया पडायचा. मी एकदा त्याला गाठून विचारलं, "अरे, लाज वाटत नाही? तुझ्यासाठी तो भंगार उचलतोय."

"भाऊ, मी काय करनार? कंपनीतला कंपनीत. गावात मी त्याचा लहान भाऊच हाय."

"मग चौकशीत खरं सांग."

त्याने दोन्ही कानांना हात लावला. "देवीसमोर मिटलाय, भाऊ. आता त्याचा नाव काढला तर पाप लागेल मना."

देवी, गाव, रीत, पाप! भ्याड माणसाला पुढे धरायला एवढी मोठी ढाल मिळाल्यावर तो कशाला खाली ठेवील?

चौकशी कँटीनच्या वरच्या खोलीत व्हायची. चौकशी अधिकारी म्हणून वर्तकनगरहून एक वकील यायचे. कंपनी त्यांना प्रत्येक बैठकीची फी आणि ताटभर समोसे द्यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नैसर्गिक न्यायाची तत्त्वं समजावली, तेही समोसा खाता खाता. मग इंग्रजी आरोपपत्र वाचलं. पर्सोनेलच्या क्लार्कने त्याचं मराठी केलं, ते इंग्रजीपेक्षा अवघड होतं. शेवटी वकीलसाहेबांनी गोमाजीला विचारलं, "आरोप मान्य आहेत का?"

गोमाजी उभा राहिला, हात जोडले, आणि जे देवळासमोर म्हणाला होता तेच म्हणाला. "मी चुकलो, साहेब."

मी त्याला बाही धरून खाली ओढलं, पण उशीर झाला होता. वकीलसाहेबांनी टायपिस्टबाईंना सांगितलंसुद्धा, "आरोप मान्य." मी भांडलो. म्हटलं, ही यांच्या गावची भांडण मिटवायची रीत आहे, हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही, साक्षीदार बोलवा. गोमाजी माझ्याकडेच पाहत राहिला. मोठा माणूस 'चुकलो' म्हणाल्यावर समोरचा अजून बसूनच कसा, हे त्याला कळत नव्हतं. समोरच्याने उठावं, काहीतरी बोलावं, निदान पाणी विचारावं, अशी त्याची अपेक्षा होती. वकीलसाहेबांनी दुसरा समोसा उचलला. माझी मागणी मात्र त्यांनी मान्य केली, ती न्यायासाठी नव्हे. साक्षीदार आले की बैठका वाढत होत्या.

मीच साक्ष देतो, सहदेव माझ्याजवळ बोलला आहे, असंही मी सांगून पाहिलं. तो ऐकीव पुरावा ठरला. मग सहदेवला बोलावलं. तो हात बांधून उभा राहिला आणि साळसूदपणे म्हणाला, "साहेब, ती गोष्ट देवीसमोर मिटलेली हाय. मना तोंड उघडायला बंदी हाय." वकीलसाहेबांनी स्थानिक भावनांचा आदर म्हणून पुढची तारीख दिली. स्थानिक भावनांचा एवढा आदर कंपनीने जमीन घेतानासुद्धा दाखवला नव्हता.

त्या दिवशी मी गोमाजीबरोबर त्याच्या घरी गेलो. त्याची बायको भागीरथी ओट्यावर जवळा निवडत बसली होती. मी काय झालं ते सांगितलं आणि स्पष्टच बोललो, की सहदेव खरं बोलला तर नोकरी वाचेल, नाहीतर जाणार. भागीरथीने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी का नाय बोलत? पयला हात त्याचा व्हता."

"मिटलाय ना," गोमाजी म्हणाला. "मी पानी पिलोय."

मला गोमाजीचाही राग आला होता. घर बुडत असताना हा पाणी प्यायल्याच्या गोष्टी करत होता. भागीरथी उठून परसाकडे गेली. परसात त्यांचा एक बोकड बांधलेला होता, काळाभोर, चांगला पोसलेला. थोरल्या मुलीची, शकूची हळद वैशाखात होती आणि हळदीच्या जेवणासाठी तो वर्षभर वाढवला होता. हळदीला मटण नाही म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. त्या बोकडाचं दावं सोडून, त्याला ओढत भागीरथी सरळ देवळाकडे चालू लागली. आम्ही तिच्या मागे गेलो.

देवळाच्या पारावर पंचांमधले सगळ्यांत मोठे अण्णा आणि बाकीचे पंच बसलेले होते. गावकीत बाया बोलत नाहीत. भागीरथीने बोकड देवीसमोरच्या खांबाला बांधला आणि पदर खोचून उभी राहिली.

"ह्यो दंड," ती म्हणाली. "भांडनाचा नाव मी काढते. आता सहदेवला तोंड उघडायला सांगा."

पारावर कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बाईने कसा दंड भरायचा. अण्णा म्हणाले, "बोकडाला काय ठाव कोनी बांदला?" त्यांनी सहदेवला बोलावून घेतलं. साऱ्या गावासमोर सांगितलं, की दंड भरला आहे, बंदी उठली आहे, कंपनीत जाऊन खरं असेल ते बोल. सहदेवने देवीच्या पायरीला हात लावला. "खराच बोलन, अण्णा. मना पन जीवावर आलेला, पन रीत आडवी व्हती." एवढं बोलून भागीरथीच्याही पाया पडला. भागीरथी रडली. परत येताना ती, बोकड पंचांनी ताब्यात घेतल्यावर सुटलेलं रिकामं दावं हातात गुंडाळत होती आणि मला म्हणाली, "शकूला समजावीन मी. बापाची नोकरी राहिली त बोकड परत घेता येल."

मी वीस वर्षं रसायनं तपासली आहेत. बाटलीवरची चिठ्ठी वाचून मी कधी निकाल दिला नाही. तरी त्या संध्याकाळी सहदेव या वेळी खरं बोलेल असं मलाही वाटलं.

शेवटच्या बैठकीला गावातली बरीच माणसं गेटबाहेर येऊन उभी राहिली. भागीरथी पुढे होती. वर खोलीत मॅनेजर, वकीलसाहेब, टायपिस्टबाई, मी आणि गोमाजी. गोमाजीने धुतलेला शर्ट घातला होता. सहदेव आत आला तो मॅनेजरांकडे न बघता, म्हणजे त्यांना आधीच भेटून आलेला. मी त्याला विचारलं, "गावकीने तुला बोलायची परवानगी दिली आहे ना?"

"हो."

"मग सांग. त्या दिवशी पहिला हात कुणी उचलला?"

सहदेवने खिशातली पेनं नीट केली. मान खाली घातली. मग एखादी दुःखद बातमी द्यावी लागतेय अशा आवाजात म्हणाला, "पयला हात गोमाजीभाऊनी उचलला, साहेब."

टायपिस्टबाईंच्या मशीनवर ते वाक्य उमटत गेलं. रीत आडवी होती म्हणून हा गप्प नव्हता तर. रीत बाजूला केल्यावर पोटातलं बाहेर पडलं.

गोमाजी उठला. मला वाटलं, नेहमीसारखे हात जोडतो की काय. तो टेबलाला वळसा घालून सहदेवपर्यंत गेला, त्याच्याकडे क्षणभर बघितलं, आणि अशी सणसणीत थोबाडीत मारली की एक पेन खिशातून उडून समोशांच्या ताटात पडलं.

"आता लिवा," तो वकीलसाहेबांना म्हणाला. "आता पयला हात मीच उचलला."

वकीलसाहेब खुर्चीसकट मागे सरकले. सहदेव गालावर हात ठेवून मॅनेजरांच्या आड जाऊन उभा राहिला. मॅनेजर उठून खिडकीशी गेले. खाली गेटवरची गर्दी त्यांनी पाहिली आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. माणसाचा आवाज एवढ्या चटकन मऊ होऊ शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"हे बघ गोमाजी, रागात होतं असं. तू याची माफी माग. दोन ओळी लिहून दे. मी तुला यार्डातच ठेवतो, बडतर्फ करत नाही. शब्द देतो. तुझ्या मुलीचं लग्न आहे ना? मग एवढं 'चुकलो' म्हणून टाक, तुला काय नवीन आहे का ते?"

मी गोमाजीकडे पाहिलं. मनातल्या मनात मी त्याला म्हणत होतो, म्हण रे बाबा. मला ती नोकरी त्याच्यापेक्षा जास्त हवी होती असं त्या क्षणी वाटलं.

"नाय," गोमाजी म्हणाला. "माज्या पोरीच्या हळदीचा बोकड देवीला दिला, ह्याला खरा बोलता यावा म्हनून. आता ह्याचीच माफी मागू?"

त्याने शर्टावरचा कंपनीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेला. तो गेटबाहेर पडेपर्यंत मी खिडकीतून बघत होतो. भागीरथीने त्याला काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली. ती खाली बसली, मग त्यानेच तिला हात धरून उठवलं आणि ती दोघं माणसांमधून गावाकडे निघाली.

आत वकीलसाहेब समोशांच्या ताटातून पेन बाजूला काढत होते. त्यांनी टायपिस्टबाईंना विचारलं, "तुमचं शेवटचं वाक्य कुठलं आलंय?"

सहदेवच्या थोबाडीत बसली तेव्हाच बाईंचं टायपिंग थांबलं होतं. त्यांनी कागद वर केला आणि वाचून दाखवलं, "पहिला हात गोमाजीने उचलला."

"बरोबर आहे," वकीलसाहेब म्हणाले. "तिथंच संपवा."